पाच मृत्यू, पाच अंतरं

‘हॅलोवीन’ मी पहिल्यांदा पाहिला तो भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, मित्राच्या घरच्या चौकोनी टीव्हीवर. भीती वाटली, पण बेताचीच. पुढे कितीतरी वर्षांनी तोच चित्रपट मूळ रुंदीच्या पडद्यावर पाहिला आणि लक्षात आलं, की आपण तो अर्धाच पाहिला होता. त्या काळी कॅसेट तयार करताना रुंद चौकटीच्या बाजू छाटून चित्र टीव्हीच्या मापात बसवलं जाई. आणि या चित्रपटातलं निम्मं भय त्या बाजूंनाच उभं आहे. मधोमध एखादी मुलगी फोनवर बोलत असते, स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असते. चौकटीच्या टोकाला, उजेड संपून अंधार सुरू होतो त्या रेषेवर, कुणीतरी थांबलेलं असतं. तिला ते दिसत नाही. आपल्याला दिसतं, पण आपण नजर तिथे नेली तरच. माझ्या कॅसेटमध्ये तो थांबलेला माणूस कितीदा तरी कापला गेला होता.

हे पुस्तक त्या दुसऱ्या पाहण्यातून सुरू झालं. चित्रपट-रसास्वादाचे वर्ग घेताना मी ‘हॅलोवीन’ अनेकदा दाखवला. दरवेळी तरुण विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न एकच असे : यात किती जण मरतात? स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून दाखवणारा भयपट, म्हटलं की प्रेतं मोजायची, ही सवय नंतरच्या चित्रपटांनी लावली. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरायचा, कारण या चित्रपटात माणसं मरतात ती अवघी पाच. त्यातला एक मृत्यू तर पडद्यावर घडतही नाही. पण हे पाच मृत्यू एकापुढे एक ठेवून पाहिले, प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे होता, उजेड कुठून येत होता, कुणाला काय दिसत होतं आणि कुणाला दिसत नव्हतं हे तपासलं, तर चित्रपटकलेचा एक पूर्ण अभ्यासक्रम हाती लागतो. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी पाच मृत्यू पाच वेगवेगळ्या अंतरांवरून दाखवले आहेत. पुढच्या प्रकरणांमध्ये मी हीच अंतरं मोजली आहेत.

आधी चित्रपटाची ओळख. जॉन कार्पेंटर दिग्दर्शित ‘हॅलोवीन’ २५ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी इथे पहिल्यांदा प्रदर्शित झाला. लांबी ९१ मिनिटं. पटकथा कार्पेंटर आणि निर्मात्या डेब्रा हिल यांची. कथा थोडक्यात सांगता येते. इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात, १९६३च्या हॅलोवीनच्या रात्री, मायकेल मायर्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा आपल्या मोठ्या बहिणीला सुरीने भोसकून मारतो. पंधरा वर्षं मनोरुग्णालयात गप्प बसून काढल्यावर तो पळतो आणि गावात परततो. त्याचे डॉक्टर, सॅम लूमिस, त्याला शोधत मागोमाग येतात. दरम्यान लॉरी, अ‍ॅनी आणि लिंडा या शाळकरी मैत्रिणी संध्याकाळची आखणी करत असतात. लॉरी आणि अ‍ॅनी पैसे घेऊन शेजाऱ्यांची मुलं सांभाळणार असतात, लिंडा मित्राबरोबर रात्र घालवण्यासाठी रिकामं घर शोधत असते. पहाट होण्याआधी त्यांच्यातली एकच जिवंत उरते.

हॅलोवीनचा सण आपल्याकडचा नाही, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेत मुलं भुताखेतांचे मुखवटे घालून दारोदार जातात, खाऊ मागतात, आणि लोक हसत दार उघडतात. कोरलेल्या भोपळ्यात दिवा लावून तो ओसरीवर ठेवतात. म्हणजे वर्षातली ही एक रात्र अशी, की मुखवटा घातलेला अनोळखी माणूस रस्त्यावरून चालला तरी कुणी वळून पाहत नाही. कथेचा सगळा डोलारा या रीतीवर उभा आहे. मायकेलला लपावं लागत नाही. तो दिवसाउजेडी शाळेसमोर उभा राहतो, कुंपणाच्या झाडीपाशी थांबतो, दोरीवर वाळत घातलेल्या चादरींमधून वर खिडकीकडे बघतो. लॉरीला तो दिसतो. ती मैत्रिणीला सांगते, तेव्हा अ‍ॅनी झाडीमागे जाऊन पाहते, तर तिथे कुणी नसतं, आणि विषय चेष्टेवर जातो.

या चित्रपटाचं मूळ शोधायला १९६०पर्यंत मागे जावं लागतं. त्या एका वर्षात आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ आणि मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ असे दोन चित्रपट आले. ‘सायको’ने खून घराच्या सर्वांत खासगी जागेत, न्हाणीघरात आणला. ‘पीपिंग टॉम’मधला खुनी बायकांना मारतानाच त्यांचं चित्रण करतो. त्या चित्रपटाने पाहणं आणि मारणं एकाच यंत्रात जोडलं आणि प्रेक्षकाला त्या यंत्रामागे बसवलं. १९७४मध्ये बॉब क्लार्क यांच्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ या कॅनडातल्या चित्रपटात, मुलींच्या वसतिगृहात चोरून शिरणाऱ्या खुन्याच्या डोळ्यांनी आपण भिंत चढतो, आणि त्याचा चेहरा शेवटपर्यंत पाहत नाही. कार्पेंटर या सगळ्यांचे ऋणी आहेत आणि ते ऋण त्यांनी उघडपणे मिरवलंही आहे. डॉ. सॅम लूमिस हे नाव ‘सायको’मधल्या एका पात्राचं. लॉरीच्या भूमिकेत पहिल्यांदाच चित्रपटात आलेली जेमी ली कर्टिस ही ‘सायको’च्या न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट ली यांची मुलगी. आईला ज्या प्रसंगाने चित्रपटाच्या इतिहासात अमर केलं, त्याच प्रकारच्या प्रसंगातून मुलगी जिवंत बाहेर पडते. निर्मात्यांनी ही निवड प्रसिद्धीसाठी केली असली, तरी पडद्यावर तिला अर्थ आला आहे.

चित्रपट तयार झाला तो सुमारे तीन ते सव्वातीन लाख डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम किरकोळ. पैसा मुस्तफा अक्कड यांनी लावला, मूळ कल्पना अर्विन याब्लान्स यांची. १९७८च्या वसंतात, जेमतेम चार आठवड्यांत चित्रीकरण उरकलं. कथेतलं गाव इलिनॉयमधलं, मोसम पानगळीचा. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडीना आणि हॉलिवूडच्या रस्त्यांवर, सगळीकडे हिरवं असताना. म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि शॉट झाला की पुढच्यासाठी पोत्यात भरली जात. लक्ष देऊन पाहिलं तर दूरवर ताडमाडही दिसतात. पण पैसा जिथे वाचवायचा नाही तिथे तो वाचवलेला नाही. उत्तम पॅनाव्हिजन कॅमेरा आणि भिंगं घेऊन चित्रपट रुंद चौकटीत टिपला, आणि शरीराला बांधून हलका तरंगत न्यायचा पॅनाग्लाइड हा त्या वेळी नवा असलेला कॅमेरा-पट्टा वापरला. छायालेखक डीन कंडी यांनी रात्रीच्या रस्त्याला निळा आणि घराच्या आतल्या दिव्यांना केशरी रंग दिला. या एवढ्याशा निवडीतून ‘आत सुरक्षित, बाहेर धोका’ अशी समजूत डोळ्यांना शिकवली जाते. मग कथा हळूहळू निळा रंग घरात आणते.

आता मृत्यूंकडे वळू.

पहिला मृत्यू जूडिथ मायर्सचा, आणि तो आपल्याच डोळ्यांनी घडतो. सुरुवातीची सुमारे चार मिनिटं चित्रपट एका सलग नजरेने चालतो. जोडणीचे सांधे अंधारात लपवलेले आहेत. नजर घराच्या बाजूने फिरते, खिडकीतून एका मुलीला आणि मुलाला बघते, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरते, खणातून सुरी काढते, मुलगा निघून जाईपर्यंत थांबते, जिना चढते, वाटेत पडलेला विदूषकाचा मुखवटा उचलते. मुखवटा चढताच पडद्याला डोळ्यांच्या दोन भोकांचा आकार येतो. हातांच्या जवळच्या शॉटमध्ये दिसणारे लहान हात डेब्रा हिल यांचे आहेत. वार सुरू झाल्यावर नजर मुलीवरून हटते आणि वर-खाली होणाऱ्या आपल्याच हाताकडे वळते, जणू हात दुसऱ्याचा आहे. मग ती नजर खाली उतरून बाहेर येते, आईवडील गाडीतून उतरतात, वडील मुखवटा काढतात, आणि पहिल्यांदा चित्रपट बाहेरून बघतो : रंगीत पोशाखातला एक लहान मुलगा, हातात रक्ताळलेली सुरी. कॅमेरा क्रेनवरून वर-वर जात मागे सरतो आणि ती तीन माणसं अंगणात गोठल्यासारखी लहान होत जातात. या प्रसंगाचं अंतर शून्य आहे. चार मिनिटं आपण खुनी होतो. हिचकॉक यांनी न्हाणीघरातल्या प्रसंगासाठी कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या आणि ५२ कट वापरून खुनाचे तुकडे केले, आणि प्रेक्षकाच्या मनाने ते जोडले. कार्पेंटर यांनी उलटा मार्ग घेतला. त्यांनी कट काढून टाकले आणि डोळे मिटायला, मान फिरवायला एकही फट ठेवली नाही.

दुसरा मृत्यू मनोरुग्णालयातून पळाल्यावरचा. एक कामगार मारला जातो, कारण मायकेलला कपडे हवे असतात. डॉ. लूमिस रेल्वेमार्गाजवळच्या फोनपाशी थांबतात, तिथे टाकलेला पिकअप ट्रक आणि रुग्णालयाचा कपडा त्यांना सापडतो, आणि ते घाईने निघून जातात. त्यानंतर कॅमेरा आपल्याला गवतातलं प्रेत दाखवतो. खून आपण पाहिलेला नाही, प्रेत लूमिसनी पाहिलेलं नाही. प्रसंग काही क्षणांचा आहे आणि बरेच प्रेक्षक तो विसरतात. मला तो फार मोलाचा वाटतो. चित्रपट इथे आपला करार ठरवतो : इथून पुढे पात्रांपेक्षा तुम्हाला जास्त दिसेल, आणि दिसूनही तुम्हाला काही करता येणार नाही.

तिसरा मृत्यू अ‍ॅनीचा. तो येईपर्यंत चित्रपटाचा अर्ध्याहून अधिक वेळ गेलेला असतो. अ‍ॅनी मित्राला आणायला गाडीपाशी जाते, दार बंद असतं, किल्ल्या आत राहिलेल्या असतात. ती किल्ल्या घेऊन परत येते आणि या वेळी दार नुसतं ओढताच उघडतं. हे तिच्या ध्यानात येत नाही. ती बसते. समोरची काच आतून धुकटलेली असते. रिकाम्या, बंद गाडीच्या काचेवर वाफ कुठून आली? कुणीतरी बराच वेळ आत बसून श्वास घेत होतं म्हणून. अ‍ॅनी काचेकडे पाहते आणि कोड्यात पडते, तेवढ्यात मागच्या सीटवरून हात येतो. या खुनाची सगळी भीती त्या वाफेत आहे. सुरी शेवटी दिसते, पण त्याआधी आपण एक साधा घरगुती पुरावा वाचलेला असतो, आणि ती तो एक क्षण उशिरा वाचते. इथलं अंतर धुकटलेल्या काचेइतकं आहे.

चौथा मृत्यू लिंडाच्या मित्राचा, बॉबचा. अंधारलेल्या स्वयंपाकघरात तो बिअर घ्यायला येतो. मायकेल त्याला एका हाताने गळा धरून उचलतो आणि सुरीने दाराला खिळतो. बॉबचे पाय हवेत सैल पडताना दिसतात. इथवर नेहमीचा स्लॅशर आहे. पुढे जे होतं त्याने हा चित्रपट वेगळा ठरतो. कॅमेरा दूर, स्थिर राहतो, आणि मायकेल आपण केलेल्या कामाकडे पाहत मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवतो. चित्रप्रदर्शनात एखादा माणूस चौकटीसमोर उभा राहून बघतो तसा. मृत्यूपेक्षा हे पाहणं जास्त वेळ चालतं. ना राग, ना आनंद, ना घाई. अभिनेते निक कॅसल यांच्या वाट्याला संवाद नाही, चेहरा नाही. त्यांच्याकडे आहे ती चाल आणि मानेचा हा कल. इथे पहिल्यांदा आपण खुन्याला पाहताना पाहतो. सुरुवातीला आपण ज्याच्या डोळ्यांत होतो, तो आता आपल्यासमोर उभा राहून आपल्यासारखाच प्रेक्षक झालेला असतो.

पाचवा मृत्यू लिंडाचा. दारात पांढरी चादर पांघरलेली आकृती उभी राहते, चादरीवरून बॉबचा चष्मा. तिला वाटतं, चेष्टा चाललीय. ती हसते, चिडते, कंटाळून फोन उचलते आणि समोरच्या घरात असलेल्या लॉरीला लावते. फोनच्याच वायरने तिचा गळा आवळला जातो. रस्त्यापलीकडे लॉरी कानाशी रिसीव्हर धरून तो आवाज ऐकते आणि तिला वाटतं, अ‍ॅनी नेहमीसारखी मस्करी करतेय. पहिल्या मृत्यूत सगळं डोळ्यांत होतं, पाचव्यात सगळं कानांत आहे. मैत्रीण मैत्रिणीचं मरण ऐकते आणि तिला ते ओळखता येत नाही. मग मायकेल रिसीव्हर उचलतो आणि तोही ऐकतो, लॉरीचा आवाज.

हे पाच मृत्यू ओळीने मांडले की एक गोष्ट ठळक होते. प्रत्येक मृत्यूआधी कुणीतरी पाहिलेलं नसतं, किंवा पाहून मनावर घेतलेलं नसतं. आईवडील बाहेर गेलेले. डॉक्टरांची गाडी प्रेताजवळून निघून जाते. अ‍ॅनीचे वडील गावचे पोलीसप्रमुख आहेत, पण त्यांची मुलगी त्यांच्या नकळत मरते. फक्त एका जणाला सगळं स्पष्ट दिसतं : लॉरी ज्याला सांभाळते आहे त्या लहान टॉमीला. खिडकीतून त्याला दिसतं, की समोरच्या घरात कुणीतरी एका माणसाला उचलून नेतंय. तो ओरडून सांगतो, की बागुलबुवा आलाय. लॉरी त्याची समजूत घालते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना झोपवायला जो बागुलबुवा दाखवला गेला, त्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. आणि मोठ्यांनी दिलेलं आश्वासन इथे खोटं ठरतं. शेवटी लॉरी डॉक्टरांना विचारते, तो बागुलबुवाच होता का, आणि डॉक्टर होकार देतात. शिकलेला मनोविकारतज्ज्ञ ज्या निष्कर्षाला पोचतो, तो आठ-नऊ वर्षांच्या मुलाने खिडकीपाशी आधीच काढलेला असतो.

मृत्यूंइतकंच मला त्यांच्यामधलं अंतर महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मृत्यूच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात फारसं काही घडत नाही. मुली शाळेतून घरी येतात, गप्पा मारतात, गाडीतून फिरतात. या मुलींचे संवाद मुख्यतः डेब्रा हिल यांनी लिहिले. त्या बोलण्यात मित्रांविषयीची कुजबुज आहे, विसरलेली पुस्तकं आहेत, लॉरीच्या लाजाळूपणाची थट्टा आहे. मारल्या जाणाऱ्या मुली आधी माणसं म्हणून उभ्या राहतात, आणि म्हणून त्यांचं मरण आकड्यात विरून जात नाही. या सगळ्या निवांतपणावर कार्पेंटर यांचं संगीत पसरलेलं असतं. पियानोची ती धून पाच मात्रांच्या चालीत आहे. लहानपणी वडिलांनी, जे संगीताचे शिक्षक होते, बाँगोवर त्यांना ही चाल शिकवली होती. चार मात्रांना सरावलेल्या कानाला वाटतं, आवर्तन संपलं. आणि एक मात्रा उरते. ती उरलेली मात्रा म्हणजे कुणीतरी मागे उभं असल्याची जाणीव. सगळं पार्श्वसंगीत तीन दिवसांत तयार झालं. संगीताशिवाय चित्रपट पाहिलेल्या एका स्टुडिओ अधिकाऱ्याला तो मुळीच भीतीदायक वाटला नव्हता, असं कार्पेंटर यांनी स्वतः सांगितलं आहे.

मुखवट्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा अर्थ कमी वेळा सांगितला जातो. कलादिग्दर्शन आणि संकलन दोन्ही सांभाळणाऱ्या टॉमी ली वॉलेस यांनी दुकानातून ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा, दोन डॉलरच्याही आतला मुखवटा आणला. कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि सगळा पांढरा रंगवला. एका प्रसिद्ध चेहऱ्यावरून ओळख पुसून टाकली, की उरतं ते माणसासारखं काहीतरी. श्रेयनामावलीत या मुखवट्यातल्या पात्राला नाव नाही, नुसतं ‘आकृती’ म्हटलं आहे. कोऱ्या चेहऱ्यावर प्रेक्षक स्वतःची भीती लिहितो. आणि तो चेहरा कंडी यांच्या उजेडात कसा वापरला आहे, ते पाहण्यासारखं आहे. मैत्रिणींची प्रेतं सापडल्यावर हादरलेली लॉरी भिंतीला टेकते. तिच्या शेजारी काळंकुट्ट दार आहे. त्या काळोखातून पांढरा चेहरा हळूहळू उगवतो. कुणी पुढे येत नाही, दार हलत नाही, संगीत आदळत नाही. डिमरवर फक्त एक दिवा मंद गतीने वाढवला जातो. आपले डोळे अंधाराला सरावतात तेव्हा जसं घडतं तसंच. तो तिथे आधीपासूनच होता, हे आपल्याला उशिरा कळतं.

आता त्या आक्षेपाकडे, ज्याला बगल देऊन हे पुस्तक लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. स्लॅशर हा प्रकार तरुण मुलींना उघडं करून मारतो आणि त्यातून करमणूक करतो, असा आरोप आहे. त्याच्या जोडीला आणखी एक वाचन रूढ झालं : ज्या मुली शरीरसुख घेतात त्या मरतात, जी घेत नाही ती वाचते; म्हणजे चित्रपट शिक्षा वाटतो. या प्रकारातल्या कित्येक चित्रपटांबाबत हा आरोप खरा आहे आणि तो मऊ करायची मला इच्छा नाही. जूडिथच्या प्रसंगात कॅमेरा तिच्या अर्धनग्न शरीराकडे बघतो, ही गोष्टही खरी. पण ‘हॅलोवीन’मध्ये लॉरी वाचते ती कशामुळे, हे प्रसंगवार तपासलं तर मला वेगळं उत्तर मिळतं. ती पाहते. शाळेच्या खिडकीतून, रस्त्यावर, घराच्या खिडकीतून, तीनदा ती त्या आकृतीला पाहते आणि अस्वस्थ होते. अ‍ॅनी, लिंडा आणि बॉब यांचं लक्ष एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि तरुण वयात तसं गुंतणं हा गुन्हा नव्हे. लॉरीचं लक्ष बाहेर असतं. विणकामाची सुई, कपाटातला तारेचा हँगर, खुन्याच्याच हातातून पडलेली सुरी, हाताला येईल त्याने ती लढते. कॅरल क्लोव्हर यांनी १९८७मधल्या निबंधात आणि नंतर १९९२च्या पुस्तकात या पात्राला ‘अंतिम मुलगी’ म्हटलं. खुन्याच्या डोळ्यांपासून निघालेला प्रेक्षक शेवटी तिच्या डोळ्यांत जाऊन बसतो, मग तो पुरुष का असेना, असं त्यांनी दाखवून दिलं. या पुस्तकातली माझी मांडणी त्यांच्या त्या निरीक्षणाची ऋणी आहे.

पाठलागात एक क्षण आहे. जखमी लॉरी शेजारच्या दारावर धडका देते, मदतीसाठी ओरडते. आतला माणूस पडद्याआडून पाहतो आणि ओसरीवरचा दिवा मालवतो. एका वर्गात चित्रपट संपल्यावर मी विचारलं, सर्वांत भीतीदायक प्रसंग कोणता? मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने सांगितलं, दिवा बंद झाला तो. खुनी मुखवट्यातला आहे हे कळतं, ती म्हणाली; पण तो दिवा बंद करणारा आमच्या कॉलनीतलाच वाटला. त्या दिवसापासून मी या चित्रपटातले मृत्यू नव्याने मोजायला लागलो. हॅडनफील्डमध्ये सुरी एकाच्या हातात आहे, पण खिडक्या सगळ्यांच्या घरांना आहेत.

चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले आणि मग अनुकरणाची रांग लागली. १९८०चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला, त्यात टॉम सॅव्हिनी यांच्या रंगभूषेने जखमांचं कसब पुढे आणलं, आणि मृत्यू कसा घडतो यापेक्षा तो किती जवळून दिसतो याला भाव आला. त्याच वर्षी समीक्षक जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट यांनी स्त्रियांचा छळ विकणाऱ्या या लाटेवर टीव्ही कार्यक्रमात कडक टीका केली. ‘हॅलोवीन’ला मात्र त्यांनी त्या रांगेतून वेगळं काढलं. १९८१च्या ‘हॅलोवीन २’मध्ये रक्त वाढलं आणि लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचा खुलासाही आला. मूळ चित्रपटात तसं काही नाही. तिथे तो तिच्या मागे लागतो, कारण वडिलांच्या सांगण्यावरून ती मायर्सच्या ओसाड घराच्या दाराशी किल्ली ठेवायला गेली आणि दाराच्या आतून त्याने तिला पाहिलं. एवढंच कारण. कारण जितकं लहान, तितकी भीती मोठी. २००६मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या नोंदवहीत ‘हॅलोवीन’चा समावेश केला. तो मान या संयमाचाही आहे, असं मी मानतो.

पुस्तकाची रचना साधी आहे. पाच मृत्यूंची पाच प्रकरणं, प्रत्येकात शॉटमागून शॉट केलेलं वाचन. सहावं प्रकरण मृत्यूंमधल्या वाट पाहण्याविषयी, सातवं लॉरीच्या वाचण्याविषयी. माझ्या विद्यार्थ्यांनी मला पुन्हापुन्हा तोच चित्रपट दाखवायला लावला आणि दरवेळी काहीतरी नवं दाखवून दिलं. पुस्तकातला चांगला भाग त्यांचा आहे. वाचकांना एकच विनंती. वाचण्याआधी चित्रपट पूर्ण रुंदीत, दिवे मालवून, सलग बघा.

आणि शेवटची दोन मिनिटं सोडू नका. लूमिस सहा गोळ्या झाडतात, मायकेल गच्चीवरून कोसळतो, आणि खाली पाहावं तर गवतावर कुणी नसतं. मग कॅमेरा रात्रभर जिथे जिथे काही घडलं त्या जागांवरून एकेक करून फिरतो. रिकामी बैठकीची खोली, जिना, बाहेरून दिसणारी घरं, आणि शेवटी जिथून सगळं सुरू झालं ते मायर्सचं घर. कुठेच माणूस नाही, फक्त श्वास ऐकू येतो. पाच मृत्यू झाले, त्यातल्या प्रत्येक जागी कुणाची तरी नजर कमी पडली होती. चित्रपट त्या रिकाम्या चौकटी आपल्यापुढे ठेवतो, आणि आपली नजर, या वेळी कुणी न सांगता, मध्यावरून निघून कडेला जाते.